गाडी पुन्हा कधी येणार?
(शहरी वस्त्यांतील विस्थापितांच्या फिरत्या आरोग्यसेवेच्या अभ्यासाला प्रस्तावना)

शिरूर तालुक्यातले कारेगाव कागदावर खेडे आहे. ग्रामपंचायत, तलाठी, गावठाण, ग्रामदैवताची यात्रा, सगळे जागच्या जागी आहे. पण पुण्याकडून येताना रांजणगावचा महागणपती मागे टाकून शिरूरच्या दिशेने निघाले की रस्त्याच्या कडेला दिसते ते खेडे नव्हे. नव्वदच्या दशकात रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी राहिली. एलजी, व्हर्लपूल, फियाट अशी नावे आली आणि त्यांच्यामागून सुटे भाग बनवणारे लहानमोठे कारखाने आले. ज्यांच्या जमिनी वसाहतीत गेल्या किंवा रस्त्याला लागल्या, त्यांनी उरलेल्या तुकड्यावर खोल्या बांधल्या. विटांच्या भिंती, वर पत्रा, दहा बाय दहाची खोली, ओळीच्या टोकाला सामाईक संडास-बाथरूम. एका खोलीत चार-सहा पोरे राहतात. एकाची रात्रपाळी सुटते तेव्हा दुसऱ्याचे अंथरूण रिकामे होते. नांदेड, परभणी, बुलढाणा, यवतमाळ, पलीकडे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा अशा ठिकाणांहून ही माणसे आली आहेत. संध्याकाळी पाळी बदलते त्या वेळी चौकात उभे राहिले, तर एका चहाच्या टपरीवर चार-पाच भाषा कानावर पडतात.

आमच्या विषयाचा पेच नेमका इथे सुरू होतो. २०११च्या जनगणनेने झोपडपट्ट्या मोजल्या त्या फक्त वैधानिक शहरांत, म्हणजे जिथे महापालिका, नगरपालिका, नगरपंचायत किंवा छावणी मंडळ आहे तिथे. त्या मोजणीत देशात साडेसहा कोटी लोक झोपडपट्टीत राहत होते आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा, १ कोटी १८ लाखांच्या आसपास होता. ग्रामपंचायतीच्या हद्दीत कितीही दाटीवाटीच्या खोल्या उभ्या राहिल्या तरी जनगणनेच्या लेखी तिथे झोपडपट्टी असूच शकत नाही. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३मध्ये सुरू झाले, तेही मुख्यतः पन्नास हजारांच्या वरच्या शहरांसाठी. ग्रामीण निकष वेगळे आहेत. सपाट प्रदेशात पाच हजारांमागे एक उपकेंद्र, तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. ही माणसे धरायची जनगणनेतली आणि २०११ नंतरची जनगणना तर लांबतच गेली. म्हणजे खोल्यांत राहणारी माणसे शहराच्या हिशेबात नाहीत आणि गावाच्या हिशेबातही जेमतेमच आहेत. अशा माणसांपर्यंत दवाखान्याची गाडी न्यावी, असे कोणाला तरी सुचते. ती कल्पना कुठून आली, ती कुठे चालते, कुठे फसते, हे तपासणाऱ्या अभ्यासाचे दार या पानांतून उघडायचे आहे. वैद्यकीचे विद्यार्थी, परिचारिका, समाजकार्य शिकणारी मुले, आशाताई आणि कंपन्यांचे सामाजिक निधी सांभाळणारे अधिकारी अशा सगळ्यांना मी वाचक म्हणून डोळ्यांसमोर धरले आहे.

आधी एक खुलासा. या विषयावरचे जगातले बरेचसे लेखन निर्वासितांविषयी आहे. भारताने १९५१चा निर्वासितविषयक करार आणि १९६७ची त्याची पुरवणी, दोन्हींवर सही केलेली नाही. निर्वासितांसाठी वेगळा राष्ट्रीय कायदाही आपल्याकडे नाही. कारेगावच्या खोल्यांतली माणसे बहुतांशी या देशाचीच नागरिक आहेत. दुष्काळ, कर्ज, वाटणीत तुकडे झालेली शेती आणि बेकारी यांनी ती इथे आणली. त्यांना निर्वासित म्हणणे कायद्याच्या दृष्टीने चूक ठरेल आणि खऱ्या निर्वासितांवरही तो अन्याय होईल. परत पाठवले जाण्याची भीती उराशी घेऊन जगणारा माणूस वेगळा आणि दिवाळीला गावी जाऊन येणारा वेगळा. तरीही आरोग्यसेवेच्या बाजूने पाहिले तर दोघांच्या अडचणी फार जवळच्या आहेत. कागद एका गावचा, आजार दुसऱ्या गावचा. भाषा परकी, दवाखान्याची वेळ गैरसोयीची, आणि हातावर पोट असल्यामुळे एक दिवसाची रजाही परवडत नाही. म्हणून एका बाजूच्या अनुभवातून दुसऱ्या बाजूने शिकावे, इतपतच हा दावा आहे.

महाराष्ट्राला खऱ्या निर्वासितांचा अनुभव नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले आणि त्यांच्या छावणीला स्वतःचे इस्पितळ होते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबे उतरली आणि १९४९मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले. पुण्याजवळ पिंपरीचा कॅम्प त्याच काळातला. या सर्व ठिकाणी माणसे एका आवारात होती, त्यामुळे डॉक्टरला कुठे जायचे हे ठाऊक होते. आजचे निर्वासित जगभर मुख्यतः शहरांत, भाड्याच्या खोल्यांत पसरलेले असतात. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित आयोगाने शहर ही त्यांच्या राहण्याची रास्त जागा आहे असे धोरण म्हणून मान्य केले, ते २००९मध्ये. २०११नंतर लेबनॉनमध्ये सीरियातून आलेल्यांसाठी अधिकृत छावण्याच उभारल्या गेल्या नाहीत. बेका खोऱ्यातल्या विखुरलेल्या तंबूंपर्यंत आणि शहरांतल्या अर्धवट इमारतींपर्यंत फिरती पथके न्यावी लागली. या क्षेत्राचे पुष्कळसे आधुनिक ज्ञान त्या धडपडीतून आले आहे. कारेगाव अशा पसरलेल्या वस्त्यांच्या जातकुळीतले आहे, वळिवड्याच्या नव्हे.

शिरूर-दौंडचा पट्टा अभ्यासासाठी मुद्दाम निवडण्याचे कारण असे की, स्थलांतराचे इतके प्रकार इतक्या थोड्या अंतरात दुसरीकडे क्वचितच सापडतील. कारखान्याचा कंत्राटी कामगार बारमाही, पण दर काही महिन्यांनी ठेकेदार बदलणारा. ऊसतोड कामगार हंगामी. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीकडून टोळ्या निघतात आणि उन्हाळा लागेपर्यंत भीमा-घोडच्या खोऱ्यात राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, वर मुकादम, अंगावर आगाऊ घेतलेली उचल आणि एक दिवस काम चुकले तर खाडा. दौंड तालुक्यात केडगावच्या बाजूला गुऱ्हाळे आहेत. तिथे चुलवाणाशी आणि काहिलीशी राबणारे बरेचसे मजूर उत्तर प्रदेशातून येतात. त्यांचे डोळे धुराने आणि हात पाकाने भाजलेले असतात. वीटभट्ट्या पावसाळ्यात थंडावतात, पावसाळा सरला की पुन्हा पेटतात. धनगरांचे वाडे मेंढरांमागून सरकत राहतात. या प्रत्येकाचे पंचांग वेगळे आहे. त्यामुळे फिरत्या सेवेचे वेळापत्रक जिल्ह्याच्या मुख्यालयात बसून आखले की चुकते. ते ऊस, भट्टी आणि पाळी यांच्याशी जुळवूनच आखावे लागते. दर मंगळवारी सकाळी अकरा वाजता येणारी गाडी कारेगावच्या खोल्यांत कोणाला भेटेल? रात्रपाळी करून झोपलेल्यांना, किंवा लहान पोर घेऊन घरी असलेल्या बाईला. पहिल्या पाळीचा माणूस तिला कधीच भेटणार नाही.

फिरत्या आरोग्यसेवेची आपल्याकडची परंपरा सांगताना लोक सहसा लाइफलाइन एक्स्प्रेसचे नाव घेतात. रुळांवरचे हे इस्पितळ १९९१च्या जुलैत मुंबईहून निघाले आणि ते जगातले पहिले असे मानले जाते. मोतीबिंदू, दुभंगलेले ओठ, पोलिओने आखडलेले पाय अशा एकदा शस्त्रक्रिया केली की काम झाले अशा आजारांसाठी ही कल्पना उत्तम आहे. आदिवासी भागांत शासनाने नवसंजीवनी योजनेखाली मानसेवी डॉक्टरांची भरारी पथके फिरवली. सरदार सरोवराच्या फुगवट्याने ज्यांचे रस्ते पाण्याखाली गेले, त्या नंदुरबारच्या नर्मदाकाठच्या पाड्यांसाठी तरंगते दवाखाने सुरू झाले. विस्थापितांची फिरती सेवा महाराष्ट्रात शोधायची झाली तर ही बोट सगळ्यात जवळचे उदाहरण आहे. धरणाने माणसे तोडली, मग दवाखाना पाण्यावरून त्यांच्याकडे गेला. २०२०च्या टाळेबंदीत ठिकठिकाणी तपासणीच्या गाड्या वस्त्यावस्त्यांतून फिरल्या, आणि त्यानंतर अशा गाड्यांची संख्या व हौस दोन्ही वाढली.

हौस वाढली, म्हणून जरा थांबून विचारावे लागते. माझे म्हणणे सरळ आहे. फिरत्या सेवेची कसोटी तिच्या दुसऱ्या भेटीत लागते. पहिली भेट कोणीही देऊ शकतो. मंडप, बॅनर, रांग, फोटो, गोळ्यांची पाकिटे, संध्याकाळी ‘लाभार्थी’ मोजून झाले की काम संपले. वस्तीतल्या बायका मात्र गाडी निघताना एकच प्रश्न विचारतात: पुन्हा कधी येणार? त्याला ठाम उत्तर नसेल, तर आधी दिलेल्या सेवेतली बरीचशी वाया गेलेली असते.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर आजारांची यादी काढावी. खरूज, जुलाब, सर्दी-ताप, किरकोळ जखम यांना पहिली भेट पुरते. पण या वस्त्यांत माणसाला खरोखर खाऊन टाकणारे आजार कोणते? क्षयरोगाचे औषध सहा महिने घ्यावे लागते. रक्तदाब आणि मधुमेहाचे जन्मभर. गरोदर बाईला निदान चार वेळा तपासावे लागते. बाळाच्या लसी दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना, मग नवव्या आणि पुढे सोळाव्या महिन्याच्या सुमारास. पंडुरोगात लोहाच्या गोळ्या सुरू केल्या तर महिन्याने हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय काही कळत नाही. ज्याचा रक्तदाब एकदा मोजून ‘जास्त आहे, काळजी घ्या’ असे सांगितले आणि पुढे कोणी विचारले नाही, त्याच्या पदरात फक्त चिंता पडली.

रेड क्रॉससारख्या संस्थांमधल्या जाणत्यांनीही फिरती पथके हा महागडा, खंडित आणि शक्यतो शेवटचा पर्याय आहे असेच बजावले आहे. एका रुग्णामागचा खर्च जास्त, डॉक्टरचा अर्धा दिवस प्रवासात, निदानाची साधने मोजकी. हे सगळे मान्य करूनही गाडी लागते, कारण कारेगावातल्या माणसाला स्थिर दवाखान्यापर्यंत पोहोचवण्याचे काम अजून कोणी केलेले नाही. म्हणून प्रश्न असा ठेवावा की गाडी स्थिर व्यवस्थेकडे नेणारी वाट होते की तिच्या जागी बसते.

आता एक गोष्ट जवळून पाहू. अशा शिबिरात टेबलावर बसणाऱ्या कोणालाही ती ओळखीची वाटेल. रुग्ण येतो आणि प्लॅस्टिकची कॅरीबॅग टेबलावर ठेवतो. आत गावाकडच्या डॉक्टरची चिठ्ठी, घडी पडलेला एक्स-रे, कुठल्याशा तालुक्याचे डिस्चार्ज कार्ड, मेडिकलचे बिल आणि गोळ्यांच्या पट्ट्या. पट्टी कात्रीने कापून दोन-चार गोळ्या सुट्या दिलेल्या असतात आणि कापताना औषधाचे नाव नेमके दुसऱ्या तुकड्यावर राहिलेले असते. उरलेला असतो रंग. ‘गुलाबी होती, सकाळी घ्यायची.’ तीन जिल्ह्यांतल्या तीन डॉक्टरांनी लिहिलेली औषधे तो एकाच वेळी घेतोय की एकही घेत नाही, हे त्या पिशवीवरून ठरवायचे असते. नवख्या डॉक्टरची पहिली ओढ नवी चिठ्ठी लिहिण्याची असते. चांगली परिचारिका आधी पिशवी रिकामी करते, कागद तारखेने लावते, पट्टीवर स्केचपेनने औषधाचे नाव लिहिते आणि मग डॉक्टरकडे पाठवते. ही दहा मिनिटे कोणत्याही अहवालात दिसत नाहीत. आमच्या मते या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग तोच.

डिजिटल नोंदींनी ही पिशवी लागणार नाही, असे आश्वासन दिले जाते आणि काही अंशी ते खरेही आहे. क्षयरुग्णाचा निक्षय क्रमांक राज्य बदलले तरी टिकतो. त्याच्या आधारे नांदेडमध्ये सुरू झालेला उपचार शिरूरमध्ये चालू ठेवता येतो. पोषणासाठीचे महिना ५०० रुपये नोव्हेंबर २०२४पासून १००० झाले, तेही थेट खात्यात जातात. पण खोलीच्या दारात बसून डिजिटल आरोग्यनोंदींसाठीचा आभा क्रमांक काढायला घ्या. ओटीपी जातो नवऱ्याच्या मोबाइलवर. नवरा दुसऱ्या पाळीला आणि कारखान्यात मोबाइल फाटकावर जमा करावा लागतो. रात्री अकराला तो घरी येतो तेव्हा गाडी कधीच निघून गेलेली असते. तंत्रज्ञानाला नावे ठेवण्यासाठी हे सांगत नाही. पाळीचे वेळापत्रक आणि ओटीपीची मुदत यांची गाठ घालून द्यायला कोणीतरी माणूस लागतो, आणि त्या माणसाच्या पगाराची तरतूद अंदाजपत्रकात करावी लागते.

लसीकरणात हाच पेच वेगळ्या रूपात येतो. बीसीजी किंवा गोवर-रुबेलाची कुपी द्रावण मिसळल्यावर चार तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. कुपीत अनेक मुलांचे डोस असतात आणि वीटभट्टीवर त्या दिवशी योग्य वयाचे एकच मूल सापडते. शासनाचे धोरण स्पष्ट आहे: एका मुलासाठीही कुपी उघडा. तरी वर्षानुवर्षे ‘लस वाया घालवू नका’ असे ऐकलेल्या हाताला ती उघडवत नाही. मग आईला सांगितले जाते, पुढच्या सत्रात या. पुढच्या सत्राच्या आत भट्टी बंद होते, बिऱ्हाड हलते आणि ते मूल ज्या गावात जाते तिथल्या यादीत त्याचे नाव नसते. डिसेंबर २०१४मध्ये सुरू झालेल्या मिशन इंद्रधनुष्यने वीटभट्ट्या, बांधकामे आणि स्थलांतरितांच्या वस्त्या जोखमीच्या म्हणून मुद्दाम वेगळ्या काढल्या. त्याआधी पोलिओच्या मोहिमेने रेल्वे स्थानकांवर आणि धावत्या गाड्यांत डोस पाजले. भारतातला शेवटचा पोलिओरुग्ण जानेवारी २०११मध्ये सापडला, त्याचे बरेचसे श्रेय चालत्या माणसाला चालत असतानाच गाठण्याच्या त्या हट्टाला आहे. दौंडसारख्या जंक्शनवर राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

कामगार विम्याचा विषय आमच्या विद्यार्थ्यांना कंटाळवाणा वाटतो. वाटू द्यावा, पण टाळू देऊ नये. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कंत्राटी कामगारसुद्धा राज्य कामगार विमा योजनेत येतो, आणि त्याला स्वतःसाठी व कुटुंबासाठी उपचार मिळण्याचा हक्क आहे. आजारपणाचा रोख भत्ता हवा असेल तर सहा महिन्यांच्या कालावधीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. ठेकेदार बदलला, मध्ये ‘ब्रेक’ दिला, की हे दिवस तुटतात. त्यात कार्ड काढलेले नसते, काढले तर कुटुंबाची नावे त्यात नसतात, आणि योजनेचे मोठे रुग्णालय चिंचवडला मोहननगरात, म्हणजे अख्ख्या दिवसाची मजुरी घालवून जायचे. प्रेस मशीनवर बोट गेलेला मुलगा जवळच्या खाजगी दवाखान्यात पट्टी बांधून घेतो आणि गावी निघून जातो. अपघाताची नोंद झाली असती तर मिळणारी भरपाई त्याला कोणी सांगितलेली नसते. फिरत्या पथकात औषधांच्या पेटीइतकाच विम्याचे अर्ज भरणारा माणूस गरजेचा आहे, हे मी ठासून सांगतो. अनेक डॉक्टरांना हे आपले काम वाटत नाही. माझे त्यांच्याशी मतभेद आहेत.

स्त्रियांच्या बाबतीत दुसरी भेट चुकण्याची किंमत काय असते, हे २०१९मध्ये महाराष्ट्राने पाहिले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या पाहणीतल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यामागे ठेकेदार, खाडा, खाजगी दवाखान्यांचा लोभ, कॅन्सरची भीती असे सगळे होतेच. पण मुळाशी जायचे तर फडावर संडास नाही, पाणी नाही, अंगावरून जाते किंवा ओटीपोटात दुखते म्हणून तपासायला बाई डॉक्टर नाही, आणि सुरू केलेला साधा औषधोपचार पुरा होईपर्यंत टोळी दुसऱ्या गावच्या फडावर गेलेली. ज्या आजाराला दोन आठवडे औषध आणि एक फेरतपासणी पुरली असती, त्याला एकदाच काय ते उरकून टाकणारा इलाज मिळाला. एकरकमी उपायाची ही ओढ फिरत्या जगण्यातून येते. तिचा फायदा घेणारे भेटतात, म्हणूनच पथकाने ती ओळखली पाहिजे.

भीतीबद्दलही बोलावे लागेल. १८९७च्या सुरुवातीला प्लेग पुण्यात शिरला, तेव्हा सरकारची फिरती आरोग्यव्यवस्था म्हणजे घरोघर शिरणाऱ्या तुकड्या आणि रेल्वे स्थानकांवरची तपासणी. माणसे हेरून वेगळी केली जात. लोकांनी आजारी माणसे लपवली, प्रेते लपवली, गावे सोडली. त्याच महिन्यांत सावित्रीबाई फुल्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या बाजूला माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या वस्तीतले आजारी पोर सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घालून तिथे आणले. त्यातून त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. एकाच शहरात, एकाच साथीत या दोन तऱ्हा चालू होत्या. आजही वस्तीत पांढरी गाडी शिरली की काही दारे बंद होतात. आधार कार्ड मागतील, घरमालकाला खोलीत किती जण राहतात ते कळेल, ठेकेदाराला आजार कळून काम जाईल, असे हिशेब असतात आणि ते अनाठायी नसतात. गाडीत पहिला प्रश्न ‘काय होतंय?’ असावा. ‘कागद आणलेत का?’ हा प्रश्न नंतर कधीतरी विचारता येतो.

दुसरी भेट शक्य कशी होते, याचे उत्तर मात्र परदेशात शोधायला जायची गरज नाही. अरोळे दांपत्याने १९७०मध्ये जामखेडला काम सुरू केले. त्यांची फिरती पथके गावागावांत जात, पण काम टिकले ते दोन फेऱ्यांमध्ये गावातच राहणाऱ्या आरोग्यसेविकेमुळे. आणि शिरूर तालुक्यातच, कारेगावपासून फार दूर नाही अशा वढू बुद्रुकला, पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकात गावातूनच निवडलेल्या आरोग्यरक्षकांच्या बळावर ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. १९९३चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला, त्यामागे वढूचा वाटा मोठा होता. पण जामखेड आणि वढूची सेविका गावातली होती. कारेगावच्या खोल्यांत अशी बाई कुठून आणायची? माझ्या मते त्याच खोल्यांतून. हिंदी-मराठी दोन्ही येणारी, नवरा पाळीला गेल्यावर दिवसभर घरी असणारी, चार ओळींतल्या सगळ्यांना ओळखणारी बाई प्रत्येक आवारात असते. ती सहा महिन्यांनी निघून जाईल, हा आक्षेप नेहमी येतो. जाईल, म्हणून तिची जागा घेणारी आधीपासून तयार करावी लागते. साखर कारखान्यांचे मुकादमसुद्धा दरवर्षी नव्याने टोळी बांधतातच की.

वढूकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, ती मोजण्याची. तिथे २००२पासून बावीस गावांत घरोघर फिरून जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची ठरावीक काळाने नोंद होते. कोण आले, कोण गेले, किती दिवस राहिल्यावर रहिवासी धरायचे, याचे नियम ठरलेले आहेत. फिरत्या सेवेच्या बहुतेक अहवालांत नेमकी हीच बाजू रिकामी असते. ‘वर्षात इतके रुग्ण तपासले’ हा अंश झाला, छेद कुठे आहे? वस्तीत मुळात माणसे किती, त्यांतली किती सहा महिन्यांनी तिथेच होती, ज्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला त्यांतले किती पुन्हा भेटले, किती जणांना शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवले आणि त्यांतले किती प्रत्यक्ष पोहोचले? माणूस पुन्हा भेटला नाही म्हणजे उपचार सोडला, असे गृहीत धरण्याचीही सवय आहे. कदाचित तो गावी जाऊन तिथे नियमित गोळ्या घेत असेल. स्थलांतरितांच्या अभ्यासात ‘गळती’ आणि ‘पुढे गेला’ या दोन वेगळ्या रकान्यांत लिहायच्या गोष्टी आहेत. दुसऱ्या रकान्यासाठी फोन करावा लागतो, आणि नंबर बदललेला असतो. म्हणून पहिल्याच भेटीत गावाकडच्या एखाद्या नातेवाइकाचा नंबर, रुग्णाची परवानगी घेऊन, लिहून ठेवण्याची पद्धत चांगली.

या क्षेत्रात येणाऱ्याने आधी काय शिकावे, असे विद्यार्थी विचारतात. साथरोगशास्त्र हवेच. पण त्याबरोबर पाळ्यांचे वेळापत्रक, गाळप हंगामाची गणिते, विम्याचे अर्ज आणि कामापुरती हिंदी किंवा भोजपुरी. एक आठवडा औषधांच्या गाडीत न बसता खोलीमालक, मेसवाली, मेडिकलवाला आणि ठेकेदाराचा सुपरवायझर यांच्याशी बोलण्यात घालवावा. वस्तीत आजारी पडलेला माणूस पहिल्यांदा कोणाकडे जातो, ते त्यांना डॉक्टरांपेक्षा आधी कळते.

शेवटी पैशांचे. रांजणगावसारख्या औद्योगिक पट्ट्यात अशा गाड्यांमागे पुष्कळदा कंपन्यांचा सामाजिक निधी असतो. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक नफ्यावरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करणे बंधनकारक केले आणि एप्रिल २०१४पासून ते लागू झाले. हा पैसा आला नसता तर कित्येक वस्त्यांत एकही गाडी गेली नसती, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण त्याचा हिशेब आर्थिक वर्षाचा असतो आणि मधुमेहाचा नसतो. करारांत बहुधा तपासलेल्या माणसांची संख्या मागितली जाते, पुन्हा भेटलेल्यांची क्वचितच. आपल्यापैकी कोणी अशा कराराच्या बैठकीला बसेल, तेव्हा गाडीचा रंग आणि उद्घाटनाचे पाहुणे ठरण्याआधी एक प्रश्न विचारून घ्यावा: ३१ मार्चनंतर या माणसांना गोळ्या कोण देणार? उपकेंद्र देणार असेल तर तिथल्या औषधांच्या मागणीत ही माणसे आताच धरली आहेत का, हेही विचारावे. दोन्हींची उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत.